दुसरीतल्या मुलाला आत्तापासून सैनिक स्कूलच्या क्लासला घालावं का?

नका घालू. साताऱ्यात शेजारपाजारची पोरं क्लासला निघाली की आपलंच मागे पडलं असं वाटतं, हे कळतं. पण आधी परीक्षा तरी बघा. सैनिक स्कूलच्या सहावीच्या प्रवेशाला मूल ३१ मार्चला १० ते १२ वर्षांचं लागतं. पेपर ३०० गुणांचा, त्यातले १५० एकट्या गणिताला. उरलेल्यात भाषा, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान. चौथीच्या सुट्टीपासून नीट धरलं तरी पुरतं. सात वर्षांच्या पोराकडून सरावसंच सोडवून घेतले तर तो उत्तरं पाठ करेल आणि गणिताला घाबरायला लागेल, दुसरं काय?

दुसरीत बघायचं ते एवढंच: धडा अडखळत का होईना स्वतः वाचतो का, आणि हातच्याची बेरीज समजून करतो का. राजवाड्याजवळच्या मंडईत भाजीला न्या, सुट्टे पैसे त्याला मोजू द्या. रोज अर्धा तास शेजारी बसून वाचून घेणं मात्र सोडू नका. 'खेळू दे, शिकेल आपोआप' हेही मला पटत नाही. अभ्यासाला बसायची सवय घरातूनच लागते.

आणि आजोबा पाहुण्यांसमोर पाढे म्हणायला लावतात असं लिहिलंय तुम्ही, ते पहिलं बंद करा. चुकला की सगळे हसतात, मग पोरगं वही लपवायला लागतं. आजोबांना सांगायचं काम तुमच्या मिस्टरांकडे द्या, सुनेचं ऐकतील असं काही दिसत नाही.