चिपच्या रिकाम्या पिनांचं काय करायचं?

प्रश्न : मी एक टायमर बोर्ड बनवलाय, 64 पिनांचा मायक्रोकंट्रोलर आहे आणि त्यातल्या 19 पिना वापरातच नाहीत, त्या तशाच मोकळ्या सोडल्यात. टेबलावर सगळं मस्त चालतं, पण हवा कोरडी असली आणि कोणी डब्याच्या स्क्रूला हात लावला की चट्‌कन ठिणगी बसते आणि बोर्ड रीसेट होतो, एकदा तर हँगच झाला, पॉवर काढून परत लावावी लागली. एक मित्र म्हणतो सगळ्या रिकाम्या पिना ग्राउंडला जोडून टाक, दुसरा म्हणतो हातच लावू नकोस. कुणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही अर्धं अर्धं.

मोकळी सोडलेली इनपुट पिन म्हणजे छोटी अँटेनाच. सीमॉस (आजच्या बहुतेक चिप ज्या ट्रान्झिस्टरच्या जोड्यांनी बनतात ती पद्धत) इनपुटला नाचवायला करंट जवळपास लागतच नाही, त्यामुळे शेजारून गेलेली ठिणगीसुद्धा पुरते. व्होल्टेज मधेच लटकलं की आतले दोन्ही ट्रान्झिस्टर थोडे थोडे चालू राहून उगाच करंट खातात, आणि झटका जोरात थेट पिनेत शिरला तर लॅच-अप, म्हणजे चिपच्या आतच सप्लायपासून ग्राउंडपर्यंत वाट उघडते ती पॉवर काढेपर्यंत मिटत नाही. तुमचा हँग तोच होता असं नाही म्हणत, पण तेव्हा चिप गरम लागली होती का?

आणि डेटाशीटवरचं '2 किलोव्होल्ट' बघून निश्चिंत होऊ नका. तो ह्युमन बॉडी मॉडेलचा, म्हणजे माणसाच्या हातून बसणाऱ्या झटक्याच्या चाचणीचा आकडा, चिप हाताळताना मरू नये एवढ्यापुरता. चालू यंत्राची परीक्षा आयईसी 61000-4-2 या आंतरराष्ट्रीय मानकाची, त्यात 8 किलोव्होल्टच्या कॉन्टॅक्ट डिस्चार्जला (टोक थेट टेकवून दिलेल्या झटक्याला) करंट साधारण 1 नॅनोसेकंदात 30 अँपिअरपर्यंत जातो!

आत्ताच्या बोर्डवर सोपा उपाय फर्मवेअरमधला : प्रोग्राम सुरू होताच सगळ्या रिकाम्या पिना आउटपुट करून लो (0 व्होल्टला) ठेवा. आउटपुट ट्रान्झिस्टर पिनेला ग्राउंडशी घट्ट धरतो, आतला पुल-अप (पिनेला सप्लायकडे ओढून धरणारा रेझिस्टर) बऱ्याच चिपमध्ये काही दहा किलोओहमचा असतो, त्याची पकड ढिली. झटक्याने रजिस्टरमधला बिट उलटू शकतो, म्हणून ही सेटिंग मेन लूपमध्ये अधूनमधून परत लिहायची, हे बरेच जण विसरतात. नवीन बोर्ड काढाल तेव्हा प्रत्येक रिकाम्या पिनेवरून ग्राउंडला 10 किलोओहम टाका, कारण रीसेटनंतर तुमचा कोड सुरू होईपर्यंत बहुतेक चिपमध्ये या पिना इनपुटच असतात. थेट ग्राउंडला जोडायचा मला धीर होत नाही, कोडमधल्या एका चुकीने पिन हाय झाली की शॉर्टच. 'एनसी' (नो कनेक्ट, म्हणजे न जोडायची) लिहिलेल्या पिनांबाबत मात्र डेटाशीट म्हणेल तेच करायचं, त्यातल्या काही आतून कशाला तरी जोडलेल्या असतात.

आता खरं सांगू का, तुमची लक्षणं बघता माझा पहिला संशय रिकाम्या पिनांवर नाहीच, रीसेट पिनेवर आहे. तिला 10 किलोओहमचा पुल-अप आणि अगदी पिनेलगत ग्राउंडला 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर आहे का? की बटणापर्यंत लांबलचक ट्रेस उघडाच फिरतोय? बहुतेक कंट्रोलरमध्ये रीसेट कशामुळे झाला ते सांगणारं रजिस्टर असतं, सुरुवातीलाच ते वाचून कुठेतरी नोंदवा, म्हणजे पिनेमुळे, सप्लाय पडल्यामुळे की वॉचडॉगमुळे (प्रोग्राम अडकला की चिप रीसेट करणारा आतला टायमर) ते कळेल. आणि तो स्क्रू बोर्डच्या ग्राउंडला कुठे टेकतो तेही बघा, चिपच्या शेजारीच टेकत असेल तर ठिणगीचा सगळा करंट तिच्या पायाखालून जातोय.

प्रश्न : ड्युअल ऑप-अँपमधला (एकाच चिपमध्ये दोन अँप्लिफायर) एक अर्धा भाग वापरत नाही, त्याचे दोन्ही इनपुट ग्राउंड केले तर?

उत्तर : नको, आउटपुट कुठल्या तरी टोकाला जाऊन बसेल. आउटपुट मायनस इनपुटला जोडा आणि प्लस इनपुटला सप्लायच्या मधलं व्होल्टेज द्या, दुहेरी सप्लाय असेल तर प्लस थेट ग्राउंडला चालतो.