डीजे, ईडीएम आणि पीएचडी, जमेल का?

तुम्ही विचारलंय की विद्यापीठातलं संशोधन आणि डीजे-क्लब-ईडीएमचा (म्हणजे इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकचा) धंदा यांचा मेळ घालता येईल का, की गाइडच नको म्हणतील. येतो की, आणि गाइडला आधी हा प्रयोग सांगा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं ऑर्फिक्स या इलेक्ट्रॉनिक म्युझिकवाल्या जोडीचा लाइव्ह कार्यक्रम ठेवला, नाचणाऱ्यांच्या डोक्याला हालचाल मोजणारे पट्टे बांधले आणि एकदम खालच्या बेसचे स्पीकर मधेमधे चालू-बंद करत राहिले. तो बेस कानाला वेगळा कळत पण नव्हता, तरी चालू असताना लोक ११.८ टक्के जास्त हलले. २०२२ ला छापून आलंय. डान्सकल्ट नावाचं जर्नल तर २००९ पासून या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक म्युझिकवरच निघतंय, वाचायला फुकट.

पण मला विचाराल तर आपल्याकडं खरं काम नाचणाऱ्यांपेक्षा वाजवणाऱ्यांवर करायला पाहिजे. मी परभणीला फिजिक्समधे एमएस्सी करताना चार लगीनसराया डीजेच्या गाडीवर काढल्यात. एकदा वरातीत बेसच्या डब्यापासून दोन हातांवर आवाज मोजायचा मीटर धरला तर आकडा शंभर डेसिबलच्या खाली उतरतच नव्हता. अमेरिकेतल्या निऑश या सरकारी संस्थेचा हिशेब असा की ८५ डेसिबलमधे आठ तास चालतात, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे शंभरला फक्त १५ मिनिटं! आमचा ऑपरेटर तिथं चार-चार तास उभा, कानात कापसाचा बोळा पण नाही. घरी गेल्यावर रात्रभर कानात रातकिडे ओरडायलेत म्हणायचा, आम्ही सगळे झोप झाली नसंल म्हणून सोडून द्यायचो, याचं मला आजही लई वाईट वाटतं. आता त्याच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला जाऊन बसावं लागतं.

रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद हा २००० सालचा नियम शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या झोपेसाठी आहे, गाडीवरच्या पोराच्या कानाचं त्यात काही नाही.

तर ऑपरेटर, ड्रायव्हर, जनरेटरवाला, सगळ्यांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू किती येतं त्याची तपासणी, सीझनच्या आधी आणि नंतर करा, ईएनटीवाला एखादा डॉक्टर सोबत घ्या, आणि प्रत्येकाचा रिपोर्ट त्याच्या हातात द्या, मराठीत समजावून सांगा, नुसता थीसिसला लावू नका. आषाढी एकादशी ते गणपती बऱ्याच गाड्या शेडमधेच उभ्या असतात, तेव्हा जा, पोरं निवांत बोलतेत.