नुकतीच सोडलेली मेमरी लगेच परत का मिळते?

प्रश्न: सर, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लिनक्सच्या एका छोट्या ड्रायव्हरमध्ये के-फ्री केलं (मेमरी सोडली) की पुढच्या के-मॅलॉकला (मेमरी मागितल्यावर) बऱ्याचदा तोच ॲड्रेस परत मिळतोय. हा बग आहे का? आणि स्लॅब कलरिंग म्हणजे काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर: बग नाहीये, मुद्दाम तसं ठेवलंय. घासून ठेवलेल्या ताटांच्या चळतीतलं वरचंच ताट आपण उचलतो ना, तसंच, जो ऑब्जेक्ट (मेमरीचा तुकडा) आत्ता सोडला तो बहुतेक अजून त्या सीपीयूच्या कॅशमध्येच, म्हणजे त्याच्या जवळच्या छोट्या वेगवान मेमरीतच असतो, मग तोच परत दिला की रॅमपर्यंत जायचा हेलपाटा वाचतो. म्हणूनच मोकळ्या ऑब्जेक्टांची यादीसुद्धा प्रत्येक सीपीयूची वेगळी असते, म्हणजे दोन सीपीयूंनी एकाच यादीत हात घालू नये म्हणून लागणाऱ्या लॉकची भानगडही टळते. पण सोडलेला पॉइंटर चुकून वापरलात तर तिथे दुसऱ्याचाच डेटा निघेल! के-असान हे कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं टूल चालू केलं तर ते सोडलेले ऑब्जेक्ट काही काळ अडकवून ठेवतं, आणि असली चूक सापडते.

आता कलरिंग. कॅश डेटा ठरावीक मापाच्या लाइनींत ठेवते, आणि कुठली लाइन कुठल्या गटात (सेटमध्ये) जाणार ते ॲड्रेसवरून ठरतं. समजा एल-वन, म्हणजे सीपीयूच्या सगळ्यात जवळची कॅश ३२ केबीची, ८-वे (एका सेटमध्ये आठ लाइनी) आणि लाइन ६४ बाइटची आहे, म्हणजे सेट झाले ६४, आणि ६४ गुणिले ६४ म्हणजे ४०९६, बरोब्बर मेमरीचं एक पेज! म्हणजे प्रत्येक पेजच्या सुरुवातीची लाइन त्याच एका सेटमध्ये जाणार आणि तिथे जागा फक्त आठ, बाकीचे सेट रिकामे पडले तरी नववी आली की आधीची एखादी बाहेर. जेफ बॉनविकनं १९९४ मध्ये सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिमचा स्लॅब ॲलोकेटर (एका किंवा अनेक पेजांच्या स्लॅबमधून एकाच मापाचे ऑब्जेक्ट वाटणारी व्यवस्था) मांडला तेव्हा यावर साधी युक्ती काढली: बहुतेक स्लॅबच्या शेवटी थोडी जागा उरते, तर पहिला ऑब्जेक्ट दर स्लॅबला थोडा थोडा सरकवून ठेवायचा, म्हणजे लाइनी वेगवेगळ्या सेटमध्ये पडतात; हेच स्लॅब कलरिंग. फुकटातलं काम, मला फार आवडतं.

गंमत म्हणजे २००७ मध्ये लिनक्सात आलेल्या स्लब या नव्या ॲलोकेटरनं हे कलरिंग घेतलंच नाही, आणि लिनक्समधला जुना स्लॅब ॲलोकेटर तर कर्नल ६.८ मध्ये काढूनच टाकला. तेव्हा वाचा जरूर, पण ड्रायव्हरमध्ये हातानं करत बसू नका.

तुमच्या कामाचं म्हणाल तर दोन सीपीयू सतत लिहितात ते काउंटर एकाच ६४ बाइटच्या लाइनीत आलेत का ते बघा (तसं असेल तर ती लाइन दोन्ही सीपीयूंच्या कॅशमध्ये सारखी ओढाताणीत सापडते), पाहोल नावाचं टूल स्ट्रक्टची मांडणी दाखवतं, आणि बदल केल्यावर पर्फ या वेग मोजायच्या टूलनं मोजा, नुसत्या अंदाजावर नको.