दुसरी मोटर येऊ दे

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा निघताना तू म्हणालास, "आप्पा, मले काही सुचत नाही. आखाजीला, अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर, राजीनामा देऊन मोटर वाइंडिंगचं दुकान टाकू का नको?" समोर गिऱ्हाईक होतं म्हणून मी गप्प बसलो. पण रात्री झोप लागली नाही, म्हणून हे लिहितोय.

हिंमत धर, मेहनत कर, असलं काही मी सांगणार नाही. सहा वर्षं कंपनीत मेंटेनन्सला काढलेल्या पोराला ते काय सांगायचं? मला एकच विचारायचंय. ड्यूटी करून, रात्री जागून तू विहिरीवरच्या पाच जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून भरल्यास. त्या पाचांपैकी दुसरी मोटर कुणी आणली?

पाचही जण खूश आहेत म्हणतोस. असतीलच. एक तुझा मामा, एक मामाचा साडू, दोन वर्गमित्र, आणि पाचवे तुझ्या वडिलांचे स्नेही. पहिली मोटर नात्यातून येते रे. दुसरी यायला काम लागतं. आणि नीट समजून घे, तीच मोटर पंधरा दिवसांत परत आली तर ती दुसरी नव्हे, ती तक्रार. नीट भरलेली मोटर वर्षानुवर्षं चालते. म्हणून दुसरी म्हणजे त्याच शेतकऱ्याची दुसऱ्या विहिरीवरची, नाहीतर त्यानं पाठवलेल्या बांधशेजाऱ्याची, ज्याला तू ओळखतही नाहीस.

मीही 1997 साली आखाजीचाच मुहूर्त धरला होता. वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराचं जुनं साल त्या दिवशी संपतं, नवं लागतं. म्हटलं, आपणही त्याच दिवशी मोकळं व्हावं. चोपडा गावात गाळा घेतला, डिपॉझिटसाठी तुझ्या काकूच्या पाटल्या मोडल्या. पावसाळ्यापर्यंत एकोणीस मोटरी आल्या. मला वाटलं, धंदा लागला! अरे, उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मरवर लोड वाढतो, व्होल्टेज पडतं, मोटर जास्त करंट ओढते आणि तापून जळते. तेव्हा प्रत्येकच दुकानात रांग असते. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या एकोणीसपैकी दोघेच आले.

कारण कळायला मला फार उशीर लागला. माझं वाइंडिंग चांगलं होतं, आजही छातीठोक सांगतो. पण मी शेतात जात नव्हतो. विजेच्या तीनपैकी एक फेज गेला की मोटर बंद पाडणारा, स्टार्टरच्या पेटीतला प्रिव्हेंटर शेतकऱ्यानं कंटाळून बायपास केलेला असायचा. मी स्टार्टर न उघडताच मोटर हाती द्यायचो. पुन्हा फेज गेला, पुन्हा मोटर जळाली, आणि नाव माझं खराब झालं. वैशाखात केळीला पाणी चुकलं की काय होतं ते तू यावलचा, तुला मी काय सांगू? एकदा घड वाळलेला माणूस त्या दुकानाची पायरी चढत नाही.

चौदा महिन्यांनी मी पुन्हा नोकरीला लागलो. तीन वर्षं दिवसा कंपनी आणि संध्याकाळी शेतं. लोक बोलले, "गेला आणि परत आला." अजूनही लग्नाच्या पंगतीत कुणीतरी ते काढतंच. काढू दे. त्या तीन वर्षांत कुणाचा हप्ता थकला नाही, पोरीची फी थांबली नाही. मोटर बसवून झाली की स्टार्टर तपासून, दोन तास चालवून बघूनच मी घरी यायचो. दुसऱ्यांदा राजीनामा दिला तेव्हा दुसरी मोटर आणणारे बावीस जण होते, वहीत लिहिलेले. याला भित्रेपणा म्हणणाऱ्यानं काकूच्या रिकाम्या मनगटाकडे एकदा बघायला हवं होतं. तेव्हा ते कुणी बघितलं नाही. मीसुद्धा नाही.

असो. तुझं बोलू.

नोंदणी नि कर्ज करून देतो म्हणणाऱ्या त्या एजंटाच्या नादी लागू नकोस. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्याला दीड हजार कशाचे द्यायचे? आणि पीएमईजीपीची, म्हणजे नव्या धंद्याच्या कर्जावरच्या केंद्राच्या योजनेची, सबसिडी म्हणजे हातात येणारे पैसे नव्हेत. ती तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकते, हप्ता मात्र भरावाच लागतो. दुसरी मोटर येण्याआधी हप्ता सुरू झाला तर तू चांगलं काम करणार नाहीस, घाईचं करशील. घाईच्या कामाला दुसरी मोटर येत नाही. किती वेळा सांगू?

उधारीचंही बघ. "केळी कापली की देतो" म्हणणारा खोटं बोलत नसतो. पण लावणीपासून कापणीपर्यंत साधारण वर्ष जातं, आणि तांब्याची तार तुला रोखीनं आणावी लागते. तारेचे पैसे आधी घे, मजुरी थांबली तर थांबू दे. मामाकडूनही घे. मामाकडून तर आधी घे.

तुझी पहिली पाळी तीनला सुटते. पाच ते आठ तुझे, रविवार तुझा. कंपनीच्या वेळेत फोन घ्यायचा नाही, कंपनीचा पाना घरी आणायचा नाही. ही आखाजी जाऊ दे. चिडशील माझ्यावर, चीड.

रविवारी सकाळी ये. माझा जुना मेगर, वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, काढून ठेवलाय, तो घेऊन जा. आधी त्या पाचही जणांच्या शेतावर जा, न बोलावता. प्रत्येकाचा स्टार्टर उघड, प्रिव्हेंटर जोडलेला आहे का बघ, आणि काय दिसलं ते मला येऊन सांग.

तुझा,
आप्पा