एका चालीचा माग

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

अमेरिका समजून घ्यायला कोणती पुस्तकं वाचू, कोणती गाणी ऐकू, याची यादी तू मागितलीस. पंचवीस नावांच्या यादीतली चार वाचून होतात आणि बाकीची मनावर ओझं होऊन बसतात, हे मी फार विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिलंय. म्हणून एकच पुस्तक सांगतो: जॉन स्टाइनबेकची कादंबरी ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’. ती उघडण्याआधी मात्र तिच्या नावामागचं गाणं ऐक. तुझ्या वयात मी नावाचा विचारही न करता ती वाचून संपवली होती, आणि अर्धी माझ्या हातून निसटली.

१८५९ च्या ऑक्टोबरात जॉन ब्राउनने गुलामांचा उठाव व्हावा म्हणून हार्पर्स फेरी या गावातल्या सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला. २ डिसेंबरला तो फासावर गेला. पुढे दीड वर्षाच्या आत उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या राज्यांत यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेकडचे सैनिक एका जुन्या भजनाच्या चालीवर गाऊ लागले: जॉन ब्राउनचा देह मातीत कुजतोय, त्याचा आत्मा चालतोच आहे.

१८६१ च्या नोव्हेंबरात कवयित्री ज्युलिया वॉर्ड हाऊ यांनी वॉशिंग्टनजवळ हे गाणं ऐकलं. सोबतच्या धर्मोपदेशकांनी सुचवलं, या चालीला तुम्ही चांगले शब्द का लिहीत नाही? त्या रात्री त्या विलर्ड हॉटेलात झोपल्या आणि पहाटे जागेपणीच ओळी जुळू लागल्या. उठून, कागदाकडे जवळजवळ न बघता, झिजलेल्या टाकाने त्यांनी ते गीत उतरवून काढलं. तान्ह्या बाळाची झोपमोड नको म्हणून अंधारात लिहायची सवय त्यांना आधीच लागलेली होती. ‘बॅटल हिम ऑफ द रिपब्लिक’ ते हेच. बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकातला देव इथे संतापाच्या द्राक्षांचं, म्हणजे ‘ग्रेप्स ऑफ रॅथ’चं, कुंड तुडवत येतो.

(आपल्या जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. अर्पणपत्रिका पुन्हा काढून वाच.)

आता स्टाइनबेक. १९३० नंतरच्या दशकात दुष्काळ, धुळीची वादळं, बँकांची कर्जं आणि ट्रॅक्टर यांनी ओक्लाहोमा आणि आसपासच्या कुळांना जमिनीवरून उठवलं. लाखो माणसं मोडक्या गाड्यांतून कॅलिफोर्नियात मजुरीला गेली. स्टाइनबेकने १९३६ साली तिथल्या वस्त्या हिंडून वृत्तपत्रासाठी लेखमाला लिहिली. वीडपॅचच्या सरकारी छावणीचा व्यवस्थापक टॉम कॉलिन्स याने त्याला माणसं दाखवली, स्वतःची टिपणं दिली. कादंबरी १४ एप्रिल १९३९ ला आली. तिच्या अर्पणपत्रिकेतला ‘टॉम’ हाच, आणि ‘कॅरल’ म्हणजे स्टाइनबेकची पत्नी. कादंबरीला नाव तिनेच सुचवलं. स्टाइनबेकने आग्रह धरून हाऊबाईंचं ते गीत स्वरलिपीसह पुस्तकात छापून घेतलं. हा राग बाहेरून आणलेला नाही, या देशाच्या स्वतःच्या गाण्यातला आहे, हे त्याला पहिल्या पानापासून दिसायला हवं होतं.

पंचविसावं प्रकरण मोठ्याने वाच. ही कादंबरी ज्या कुटुंबाची, त्या जोड (Joad) कुटुंबातलं त्यात कुणीच नाही. बहरलेल्या बागा आहेत, आणि भाव टिकावा म्हणून ओतून दिलेल्या संत्र्यांचे ढीग. लोक ती उचलायला येतात, तर त्यांवर रॉकेल फवारलेलं. बटाटे नदीत लोटलेले, काठावर पहारा, कारण भुकेली माणसं जाळी घेऊन ते काढायला येतात. हे सगळं झाल्यावरच, प्रकरणाच्या शेवटी, ती संतापाची द्राक्षं येतात, माणसांच्या मनात भरत चाललेली, जड होत चाललेली. गाण्यात देवाच्या पायाखाली असलेली द्राक्षं इथे माणसांच्या आत पिकतात. माझ्या मते कादंबरीचं सगळं बळ या एका बदलात आहे.

ज्या केर्न काउंटीत वीडपॅच आहे, तिथेच १९३९ च्या ऑगस्टमध्ये हे पुस्तक ग्रंथालयांतून आणि शाळांतून काढलं गेलं. बंदी उठली १९४१ च्या जानेवारीत.

आणि मग पुस्तकाचं पुन्हा गाणं झालं. ओक्लाहोमाच्याच वुडी गथ्री या लोकगायकाने १९४० साली कादंबरीचा नायक टॉम जोड याची सगळी कथा एका पोवाड्यात बांधली. गावाकडच्या लोकांकडे पुस्तकाला आणि सिनेमाला पैसे नाहीत, गाणं मात्र त्यांच्यापर्यंत पोचेल, असं त्याचं म्हणणं होतं. गाणं एवढं लांब की रेकॉर्डच्या दोन्ही बाजू लागल्या. चाल त्याने घेतली ‘जॉन हार्डी’ या जुन्या लोकगीताची. १९९५ साली गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने ‘द घोस्ट ऑफ टॉम जोड’ लिहिलं, तेही ऐक, पण गथ्रीनंतर.

मार्टिन ल्यूथर किंग यांचं मेम्फिसचं भाषणही शेवटपर्यंत ऐक. सफाई कामगारांच्या संपासाठी ते तिथे आले होते. ३ एप्रिल १९६८ च्या रात्री त्यांनी भाषण संपवलं ते हाऊबाईंच्या गीताच्या पहिल्या ओळीने. दुसऱ्या संध्याकाळी त्यांची हत्या झाली.

पुस्तक विकत घेऊ नकोस. माझ्या प्रतीची पानं सुटलीत, पण पंचविसावं प्रकरण जागेवर आहे. रविवारी येऊन घेऊन जा.

तुझा,
सर