हॅझॉपची फाईल 2021 ची, प्लांट मात्र आजचा

प्रश्न : मी कोकणातल्या एका एमआयडीसीत शिफ्ट इनचार्ज आहे. आमच्या रिअ‍ॅक्टरची हॅझॉप, म्हणजे काय काय बिघडू शकतं याची टीमने बसून केलेली तपासणी, 2021 ला झाली, त्यात रिस्क लो आलीय, ऑडिटला तीच फाईल दाखवतात. पण त्यानंतर बॅच साइझ वाढवली, थंड खारं पाणी फिरवून कूलिंग करणाऱ्या दोन ब्राइन पंपांपैकी एक महिनाभर दुरुस्तीला गेलाय, आणि हाय टेंपरेचरचा इंटरलॉक, म्हणजे तापमान चढलं की आपोआप प्रक्रिया थांबवणारी सोय, सारखा उगाच ट्रिप देतो (थांबवतो) म्हणून बायपास करून, म्हणजे वगळून, ठेवलाय. साहेब म्हणतात पुढची हॅझॉप आली की बघू. तोपर्यंत रोजची रिस्क मी कशी ओळखायची?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : दादा, आधी कामाचं सांगतो, कारणं मागाहून. तो इंटरलॉक परत चालू झाल्याशिवाय पुढची बॅच चार्ज करू नका, म्हणजे माल भरू नका, आणि दुसरा पंप येईपर्यंत जुन्याच साइझची बॅच घ्या. हे लॉगबुकात वेळ घालून लिहा आणि साहेबांना नुसतं तोंडी नको, लेखी कळवा.

आता का ते. 2021 ला टीमने रिस्क लो लिहिली ती काहीतरी धरून लिहिली, दोन पंप आहेत, इंटरलॉक चालतोय, बॅच अमुक एवढी आहे. हे धरलेलं बदललं की तो आकडा आजचा राहत नाही. समजा तुमच्याकडे तीन वेगवेगळी संरक्षणं आहेत आणि प्रत्येक दहात एकदा दगा देतं, तर तिन्ही एकाच वेळी फसण्याची शक्यता हजारात एक. एक बायपास केलं की शंभरात एक, म्हणजे रिस्क दहापट, आणि वरून प्लांट अगदी तसाच दिसतो, तोच आवाज, तोच वास, म्हणून कुणाला काही वाटतच नाही. दुसरंही गेलं की दहात एक.

बॅच वाढवल्याचं तर जास्तच बघा. उष्णता तयार होते ती मालाच्या प्रमाणात, पण जॅकेटचा, म्हणजे भोवतीच्या कूलिंगच्या आवरणाचा, मालाला लागणारा पृष्ठभाग त्या प्रमाणात वाढत नाही, आणि माल जॅकेटच्या वर गेला तर तिथे कूलिंगच नाही. त्यात दर 10 अंशाला रिअ‍ॅक्शनचा वेग साधारण दुप्पट होतो, कूलिंग मात्र सरळ रेषेतच वाढतं, त्यामुळे एका ठरावीक तापमानाच्या पुढे गेलं की मग पंप कितीही चालवा, हाताबाहेर जातं. तुमच्याकडे तर बॅच, पंप आणि इंटरलॉक, तिन्ही गोष्टी त्याच एका कूलिंगवर येऊन पडतायत. एकेक सुटी बघितली तर किरकोळ वाटेल, म्हणून एकत्र बघा.

मी नवीन असताना एका कारखान्यात पॅनेलच्या मागे इंटरलॉक बायपास करणारी एक जंपर वायर बघितली होती, तिला चिकटपट्टी लावलेली, पट्टीवर पेनाने 'तात्पुरतं' आणि खाली तारीख, चार महिन्यांपूर्वीची. मधल्या काळात तीन शिफ्टची माणसं रोज शिफ्टचा चार्ज देत घेत होती आणि त्या वायरीबद्दल एकदाही बोलणं झालं नव्हतं. ती पट्टी मला अजून दिसते.

विशाखापट्टणमला 7 मे 2020 च्या पहाटे स्टायरिनची वाफ वस्तीत शिरली, 12 माणसं गेली. लॉकडाऊनमुळे प्लांट तर बंद होता, म्हणजे कुणालाही वाटेल की धोका कमी झाला असेल. उलट माल टाकीत पडून होता, चिलिंग रात्री बंद ठेवत होते, स्टायरिन आपोआप घट्ट होऊ नये म्हणून घालायचं टीबीसी शिल्लक नव्हतं, तापमान टाकीच्या तळाशीच मोजलं जायचं, वर काय तापतंय ते कळायला सोयच नव्हती. डिसेंबर 2019 मध्ये टाकीच्या पाइपिंगमध्ये बदल केला होता, त्यानं माल नीट फिरेनासा झाला. भोपाळलाही 1984 ला रेफ्रिजरेशन बंद होतं, वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअरची लाइन दुरुस्तीसाठी सुटलेली, वायू धुऊन काढणारा स्क्रबर तयारीत नव्हता. सगळं होतं तिथे, त्या रात्री कामाचं काही नव्हतं.

म्हणून शिफ्टचा चार्ज घेताना एवढं विचारा, आज कोणतं संरक्षण बंद आहे, कधीपासून, त्याच्या जागी काय लावलंय. मागच्या वेळेपेक्षा काय वेगळं आहे, नवा माणूस, नवा सप्लायर, पाऊस, पॉवर ट्रिप. उत्तर देता आलं नाही तर सुरू करू नका. आणि बायपासला तारीख पाहिजेच, मुदत संपली की कुणीतरी परत सही करेल किंवा काढेल, तिसरा मार्ग नको.

प्रश्न : सतत रिस्क दाखवणारं सॉफ्टवेअर आलंय म्हणे, आमच्यासारख्या छोट्या कंपनीने घ्यावं का?
— त्याच वाचकाचा दुसरा प्रश्न

उत्तर : मोठ्या रिफायनरीत हजारो सेन्सर असतात, तिथे उपयोग आहे. तुमच्याकडे आधी कंट्रोल रूममध्ये एक पांढरा बोर्ड लावा, वर बायपास, खाली ओव्हरड्यू टेस्ट. टेस्टचं गणित सोपं आहे. ज्या ट्रिपची वर्षभरात गुपचूप बिघडण्याची शक्यता 2 टक्के आहे, तो दरवर्षी तपासला तर गरजेला न चालण्याची सरासरी शक्यता सुमारे 1 टक्का, तीन वर्षं हात लावला नाही तर सुमारे 3 टक्के. काहीही बिघडलेलं दिसत नाही, फक्त तारीख उलटलीय, आणि रिस्क तिप्पट. शिवाय टेस्टमध्ये नापास झाला, थोडक्यात वाचलो असं काही घडलं, तर तो 2 टक्क्यांचा आकडा बदला, 2021 चा धरून बसू नका.

आणि तो उगाच ट्रिप देणारा सेन्सर. उगाच म्हणून सोडू नका. इन्स्ट्रुमेंटवाल्याला सांगून जंक्शन बॉक्स उघडून बघा, कोकणातल्या पावसात केबल ग्लँडमधून, म्हणजे केबल आत शिरते तिथल्या सीलमधून, पाणी जातं, टर्मिनल हिरवं पडतं. ते साफ करून ग्लँड नवीन लावणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. तिथे काही निघालं नाही तर मात्र रिअ‍ॅक्टर खरंच तापतोय का ते दुसऱ्या थर्मामीटरने ताडून बघा.