श्रीमंत उद्योजक आपली बहुतेक संपत्ती दान करतात ती मनापासून, की कर वाचवायला?

कराचं आधी उरकून टाकतो, कारण हाच प्रश्न मला चहाच्या टपरीवरही विचारतात. मी नागपुरात सीए आहे आणि माझं निम्मं काम ट्रस्टांच्या ऑडिटचं.

८०जी, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट देणारं कलम. त्याच्या पावतीचं गणित असं. तुम्ही १०० रुपये दिलेत, तर बहुतेक संस्थांच्या बाबतीत त्यातले ५० उत्पन्नातून वजा होतात. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर कर वाचला साधारण १५ रुपये. ८५ गेलेच. शिवाय वजावटीला मर्यादा आहे, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर ते १५ही विसरा. १५ वाचवायला १०० घालवणारा व्यापारी मी तरी आमच्या इतवारीच्या बाजारात पाहिला नाही. वारसांवर कर बसू नये म्हणून देतात, हे अमेरिकेत काही अंशी खरं आहे. तिथे मोठ्या इस्टेटीवर ४० टक्क्यांपर्यंत कर आहे. आपल्याकडे तो १९८५ मध्येच गेला. (सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामावरचा खर्च, यात धरू नका. मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के कायद्यानं खर्च करावेच लागतात, आणि तो पैसा भागधारकांचा असतो. फलकावर फोटो मालकाचा, ती गोष्ट वेगळी.)

मी बघतो ते एकच: पाणी सोडलं का? दान देताना तळहातावर पाणी घेऊन ते सोडायचं आणि ‘न मम’, म्हणजे ‘हे माझं नाही’, म्हणायचं, ही आपली जुनी रीत. एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं हे आपण बोलतो ते त्याच अर्थानं. हे सोडणं किती अवघड असतं, ते मला एका मिरचीच्या ठोक व्यापाऱ्यानं शिकवलं.

या काकाजींनी आईच्या नावानं ट्रस्ट काढला आणि एक दुमजली इमारत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका म्हणून दिली. मनापासून दिली, त्यात शंका नाही. विश्वस्त कोण? स्वतः, बायको, दोन मुलं आणि धाकटी सून. पहिल्या ऑडिटला मी गेलो तो मे महिना. कूलर धडधडत होता आणि तीसेक पोरं-पोरी नाकाला रुमाल, ओढणी बांधून संविधान पाठ करत होती. मला वाटलं धूळ असेल. दोन मिनिटांत मलाच शिंका सुटल्या. कूलर ज्या मागच्या खोलीतून हवा ओढत होता, तिथे भिवापुरी मिरचीची चाळीसेक पोती रचलेली.

मी म्हटलं, “काकाजी, हे चालणार नाही.” ते म्हणाले, “खोली तं रिकामीच पडली होती ना साहेब! मिरच्यायनं काय पोरायचा अभ्यास बिघडते?” मी आयकर कायद्याचं कलम १३ समजावलं: ट्रस्टची जागा विश्वस्तानं स्वतःच्या धंद्याला फुकट वापरली, तर ट्रस्टची करसवलत धोक्यात येते. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “पण इमारत माहीच हाये ना?”

माणूस लबाड नव्हता. स्टॅम्प पेपरवर दिलं होतं, डोक्यातून गेलं नव्हतं.

आता हीच फूटपट्टी तुमच्या बड्या नावांना लावा. चक फीनी हा विमानतळांवरच्या ड्यूटी फ्री दुकानांचा एक मालक. १९८४ मध्ये त्यानं धंद्यातला आपला जवळजवळ सगळा हिस्सा गुपचूप आपल्या दानसंस्थेच्या नावे केला. १९९७ पर्यंत जगाला पत्ता नव्हता. लोक त्याला अब्जाधीशच समजत होते. सुमारे ८ अब्ज डॉलर वाटून झाल्यावर २०२० मध्ये त्यानं ती संस्थाही बंद केली. स्वतः सॅन फ्रान्सिस्कोत भाड्याच्या घरात राहिला आणि २०२३ मध्ये गेला. संस्था बंद करणं मला सगळ्यात मोठं वाटतं. पैशाचा मोह सुटतो हो, संस्थेचा सुटत नाही.

अझीम प्रेमजींनी २०१९ मध्ये आणखी ३४ टक्के विप्रो आपल्या फाउंडेशनसाठी दिली. एकूण ६७ टक्के. आधीचं सगळं धरून त्यांचं दान तेव्हा सुमारे १ लाख ४५ हजार कोटींचं झालं. जाहीर केलेला शब्द मात्र ‘आर्थिक मालकी’ असा होता, म्हणजे त्या शेअर्सचा पैसा फाउंडेशनला. मी ऑडिटवाला, असल्या शब्दांवर अडतोच. तरी एवढा पैसा घरातून काढून शाळाशिक्षणात घालणारा दुसरा मला दिसत नाही.

आणि लांब कशाला जायचं? कामठीचे खाणमालक डी. लक्ष्मीनारायण. १९३० मध्ये त्यांनी मृत्युपत्रानं नागपूर विद्यापीठाला सुमारे ३५ लाख रुपये ठेवले, उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवायला. त्या काळचे ३५ लाख! त्यातून १९४२ मध्ये उभं राहिलं ते आपलं अमरावती रोडवरचं एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. तिथून तेल, रंग, कागद यांचं तंत्रज्ञान शिकून निघालेल्या कितीतरी पोरांना लक्ष्मीनारायण हे देवाचं नाव वाटतं. मृत्युपत्रानं देण्यात एक सोय आहे म्हणा, मागच्या खोलीत पोती ठेवायला माणूसच उरत नाही.

तेव्हा कुणाच्या दानाची बातमी आली की आकडा मागाहून बघा. आधी विश्वस्तांची नावं बघा, आडनावं किती वेगळी आहेत ते मोजा. महाराष्ट्रातला ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात परिशिष्ट १ ची नक्कल मिळते. त्यात विश्वस्त आणि मालमत्ता दोन्ही असतात. देणाऱ्याला दिलेलं परत घेता येतं का, हे न्यासपत्रात वाचा. येत असेल तर आयकर खातंही त्याला दान मानत नाही, ते उत्पन्न देणाऱ्याच्याच नावावर धरतं.

काकाजींना तीन वर्षं लागली. एक दिवस स्वतःच ऑफिसात आले आणि म्हणाले, सुनेचं नाव काढा, त्या अभ्यासिकेत शिकून तलाठी झालेल्या एका पोरीला विश्वस्त करा. बदल अर्ज मीच भरला. पोरीनं पहिल्याच सभेत पोती हलवायचा ठराव मांडला आणि काकाजींनी त्याला अनुमोदन दिलं. खोली दोनदा धुऊन चुना मारला, तरी कूलर लावला की अजून कुणीतरी शिंकतंच.